दल सरोवराकाठची पायी भटकंती

दल सरोवराकाठची पायी भटकंती : श्रीनगरमधील दल सरोवराचा काठ, त्याला लागून असलेल्या मुघलकालीन बागा आणि त्यांच्या मागे झबरवान डोंगररांगेच्या पायथ्याचे जंगल यांतून जाणारे सोप्या चालीचे मार्ग. पाट्या लावून आखलेली ही एकच एक वाट नव्हे. काठाचा रस्ता, बागांमधल्या पायऱ्या आणि वनखात्याच्या हद्दीतला कच्चा रस्ता असे तिचे तुकडे आहेत आणि ते आपापल्या ताकदीनुसार जोडून घ्यावे लागतात. सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५८० मी. उंचीवर आहे. काठ जवळजवळ सपाट असल्याने गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनाही तो झेपतो. दमवणारा चढ फक्त चश्मेशाही आणि परीमहाल या उंचावरच्या बागांकडे जाताना लागतो.

बहुतेक पर्यटक या बागा टॅक्सीने पाहतात. प्रत्येक ठिकाणी अर्धा तास थांबायचे, काश्मिरी पोशाखात फोटो काढायचा आणि पुढची बाग गाठायची. असे पाहिले की तिसऱ्या बागेपर्यंत सगळ्या बागा सारख्याच वाटू लागतात : तीच कारंजी, तेच चिनार, त्याच पायऱ्या. पायी फिरणाऱ्याच्या लक्षात वेगळी गोष्ट येते. इथले डोंगर, बागा आणि सरोवर यांना पाण्याने एकत्र बांधले आहे. उंचावरच्या मारसर तलावातून निघालेला ओढा दाचीगामच्या जंगलातून हारवनला उतरतो. तिथले पाणी पाटांनी बागांकडे वळवले गेले, बागांतून ते दलमध्ये आले आणि दल गेटच्या बाजूने झेलमकडे गेले. दल गेटपासून चालायला लागणारा माणूस हाच प्रवास उलट्या दिशेने करतो.

काठचा रस्ता

दल गेटपासून निघणाऱ्या रस्त्याला सगळे ‘बुलेव्हार्ड’ म्हणतात. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला आधी शंकराचार्य टेकडी आणि मग झबरवानचे उतार. सुरुवातीच्या टप्प्यात हाउसबोटींचे घाट, हॉटेले आणि शिकारावाल्यांच्या (शिकारा म्हणजे छत असलेली छोटी नाव) हाका असतात. तिथे शांतपणे चालायचे तर सकाळी लवकर निघावे. नेहरू पार्क मागे पडले की काठ मोकळा होतो.

दल उथळ आहे, सरासरी खोली जेमतेम दीड मीटर. म्हणूनच त्यात कमळे फोफावतात. लव्हाळ्यांच्या जाड थरावर माती टाकून केलेले ‘राद’ म्हणजे तरंगते भाजीचे वाफेही याच उथळपणामुळे शक्य झाले. हे वाफे आणि पहाटेचा पाण्यावरचा भाजीबाजार सरोवराच्या आतल्या भागात असल्याने काठावरून दिसत नाहीत. त्यासाठी शिकाऱ्यातच बसावे लागते. गाळ, पाणवनस्पतींची बेसुमार वाढ आणि शहराचे सांडपाणी यांनी सरोवराचे हाल केले आहेत. तण काढणारी यंत्रे पाण्यात फिरताना दिसतात, आणि काही ठिकाणी पाण्याचा वासही सांगायचे ते सांगतो.

चश्मेशाही आणि परीमहाल

काठ सोडून उजवीकडे वर गेले की चश्मेशाही लागते. शाहजहानचा सरदार अली मर्दान खान याने १६३२च्या सुमारास एका झऱ्याभोवती बांधलेली ही बाग मुघल बागांमध्ये लहान आणि चढण तीव्र असलेली. वर चढताना उतारावरच इंदिरा गांधी स्मृती ट्युलिप उद्यान आहे. सुमारे ३० हेक्टरांचे हे उद्यान वर्षातून साधारण महिनाभरच, मार्चअखेर ते एप्रिलमध्ये, खुले असते.

त्याहून वरचा परीमहाल शाहजहानचा थोरला मुलगा दारा शुकोह याच्या नावाशी जोडलेला आहे. डोंगराच्या पोटात एकावर एक सहा टप्पे आणि प्रत्येकाला कमानींची भिंत. इतर बागांसारखे मधोमध वाहते पाणी आणि धबधबे इथे नाहीत. पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून जमिनीखालून टाक्यांत आणले जात असे. बाग म्हणून परीमहाल रुक्ष वाटेल, पण संपूर्ण दल एका नजरेत मावतो तो इथूनच. वाटेत सुरक्षा तपासणी होते, ओळखपत्र जवळ ठेवावे.

निशात

निशात बाग नूरजहानचा भाऊ आणि शाहजहानचा सासरा आसफ खान याने १६३३च्या सुमारास उभारली. सुमारे ५४८ मी. लांब आणि ३३८ मी. रुंद अशा या बागेचे बारा टप्पे राशिचक्राच्या बारा राशींशी जोडले जातात. वरच्या टोकाचा टप्पा जनान्याचा, उंच भिंतीने वेगळा केलेला. मधोमध पाट, त्यात कारंजी आणि प्रत्येक टप्प्याच्या उतरणीवर ‘चादर’, म्हणजे कोरीव खाचांचा तिरपा दगडी पाट. खाचांवरून पाणी फेसाळत उतरते आणि उन्हात चमकते. यासाठी ना पंप होता ना मोट. डोंगरातून मिळणारा उतारच सगळे काम करी.

निशात खालून वर पाहायची बाग आहे. तिच्याकडे लोक नावेतून येत, पहिल्या टप्प्यावर उतरत आणि मग चढत जात. पुढे काठाचा रस्ता झाला तेव्हा बागेचा खालचा भाग कापला गेला आणि पाणी व बाग यांच्यामध्ये मोटारी आल्या. आजच्या फाटकातून आत शिरणाऱ्याला सुरुवात मधूनच करावी लागते. तरी वरच्या टप्प्यावर पोहोचून मागे वळले की रस्ता झाडांआड जातो आणि बागेची रेघ सरळ सरोवरात उतरते. पायऱ्यांना भिऊन खालच्या दोन टप्प्यांवरूनच परतणारे हे मुकतात.

एक आख्यायिका इथे हमखास ऐकायला मिळते. शाहजहानने आपल्या सासऱ्याजवळ बागेची तोंडभरून स्तुती केली आणि ती भेट म्हणून मिळेल अशी वाट पाहिली. आसफ खानाने काही ती देऊ केली नाही. तेव्हा रुष्ट बादशहाने निशातचे पाणी तोडले. आपल्या मालकाला उदास पाहून एका नोकराने हुकूम मोडून पाणी सोडले, आणि बादशहाने शिक्षेऐवजी पाण्याचा हक्क बहाल केला. खरेखोटे काही असो, पाटाच्या पाण्यावरून होणारी भाऊबंदकी पाहिलेल्या कोणाही मराठी वाचकाला गोष्टीतले मर्म समजावून सांगावे लागणार नाही. पाणी तुटले की अशा बागेत उरतात त्या नुसत्या पायऱ्या.

शालिमार

निशातपासून काही किलोमीटर उत्तरेला शालिमार आहे. जहांगीरने १६१९मध्ये तिची उभारणी सुरू केली आणि १६३०च्या सुमारास शाहजहानच्या काळात तिचा विस्तार झाला. ही बाग थेट पाण्यावर नाही. साधारण दीड किलोमीटरचा कालवा तिला सरोवराशी जोडतो, आणि बादशाही नावा त्यातूनच येत. निशात सरदाराची, शालिमार बादशहाची, आणि हा फरक मांडणीत उतरला आहे. पहिल्या भागात दिवाण-इ-आम, म्हणजे आम दरबाराची जागा, तिथे पाण्याच्या प्रवाहावरच काळ्या दगडाचे आसन. मग दिवाण-इ-खास, म्हणजे खास दरबार. सर्वात वर जनाना आणि त्यातली काळ्या संगमरवरी खांबांची बारादरी, म्हणजे चौफेर उघडा मंडप. धबधब्यामागच्या भिंतीतल्या कोनाड्यांना ‘चिनीखाना’ म्हणतात. दिवसा त्यांत फुलदाण्या आणि रात्री दिवे ठेवले जात, म्हणजे पाण्याच्या पडद्याआडून उजेड दिसे. चढ अगदी सौम्य आहे, सोबत वयस्कर मंडळी असतील तर निशातपेक्षा शालिमारच निवडावी.

सुट्टीच्या दिवशी श्रीनगरची कुटुंबे सतरंज्या, डबे आणि चहाचा समोवार घेऊन या बागांत दिवसभर बसतात. काही न पाहता नुसते बसणे, हीच खरे तर या बागांची मूळ वापरण्याची रीत.

हारवन आणि दाचीगाम

शालिमारच्या पुढे रस्ता हारवनला जातो. गावावरच्या उतारावर पुरातत्त्वज्ञ रामचंद्र काक यांनी १९२०च्या दशकात उत्खनन केले. तिथे बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि खरोष्ठी या प्राचीन लिपीतले अंक असलेल्या, माणसे व प्राणी उमटवलेल्या भाजक्या मातीच्या फरशा सापडल्या. जागा लहान, येणारे तुरळक.

हारवनलगतच दाचीगामची हद्द सुरू होते. शहराचे पिण्याचे पाणी स्वच्छ राहावे म्हणून १९१०मध्ये महाराजा प्रतापसिंहांच्या काळात हे खोरे राखीव झाले, आणि १९८१मध्ये राष्ट्रीय उद्यान. १४१ चौ. किमी.च्या या उद्यानाचा खालचा भागच साध्या चालीचा आहे : ओढ्याकाठचा रस्ता, ट्राउट माशांचे पैदास केंद्र, अक्रोड, तुती आणि ओकची झाडी. काश्मिरी बारशिंगा ‘हंगुल’ याचे हे मुख्य आश्रयस्थान. २०२१च्या गणनेत त्यांची संख्या २६१ भरली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नरांच्या हाका खोऱ्यात घुमतात. काळी अस्वलेही बरीच आहेत, त्यामुळे वन्यजीव विभागाच्या परवानगीशिवाय आणि वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही. परवानगी आधी काढावी, फाटकाशी हुज्जत घालून उपयोग होत नाही.

पश्चिम काठ

निशातपासून फोरशोर रस्त्याने सरोवराला वळसा घालून हजरतबलचा दर्गा गाठता येतो. शेजारची नसीम बाग म्हणजे रांगांत लावलेल्या चिनारांची राई. तिचा आरंभ अकबराच्या आणि चिनारांची लागवड शाहजहानच्या काळातली मानतात. आज ती काश्मीर विद्यापीठाच्या आवारात आहे. इथे टप्पे नाहीत, कारंजी नाहीत, नुसती सावली. शुक्रवारी दर्ग्याच्या नमाजामुळे रस्त्यावर गर्दी होते, तो दिवस टाळलेला बरा.

ऋतू

महाराष्ट्रातून जाणारी कुटुंबे बहुधा मे महिन्याच्या सुट्टीत येतात. हवा तेव्हा सुखद असते, पण ट्युलिप संपलेले आणि चिनार हिरवेगार. पाने तांबडी होतात ती ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास. त्याच दिवसांत गळलेली पाने गोळा करून जाळतात आणि त्यांचा कोळसा हिवाळ्यातल्या कांगडीसाठी, म्हणजे अंगाशी धरायच्या निखाऱ्यांच्या शेगडीसाठी, साठवतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलान’ म्हणजे कडाक्याच्या थंडीचा काळ. बर्फ गोठून रस्ते निसरडे होतात, तेव्हा काठावरचे चालणेही सोपे राहत नाही.