कॅम्परमधील पंपाचा आवाज : शांत टाकीपासून खडखडणाऱ्या पंपापर्यंत

कॅम्परमध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या वाहनात, रात्री कोणी नळ उघडला की पलंगाखालून जी खडखड सुरू होते, तिचे खापर सहसा पंपावर फोडले जाते. इतिहास पाहिला तर मात्र हा दोष एकट्या पंपाचा दिसत नाही. वाहन हलके ठेवण्यासाठी आणि पाणी जास्त नेता यावे म्हणून जे निर्णय घेतले गेले, त्यांच्याबरोबर हा आवाज आत आला. तो घालवण्याच्या आजच्या उपायांपैकी बरेचसे, पंप येण्यापूर्वी जे होते तेच नव्या रूपात परत आणतात.

पाण्याची सोय असलेली वाहने तशी जुनी आहेत. पिअर्स-ॲरो कंपनीने 1910 मध्ये दाखवलेल्या टूरिंग लँडॉ या मोटारीत चालकाच्या आसनामागे घडी घालून ठेवता येणारे बेसिन होते, तर 1936 च्या एअरस्ट्रीम क्लिपर ट्रेलरची जाहिरात करताना स्वतःचा पाणीसाठा ही मोठी गोष्ट म्हणून सांगितली जाई. त्या काळच्या सर्वसाधारण ट्रेलरमध्ये पाणी हातपंपाने उपसले जाई. आवाज होई तो हात चालेल तेवढाच, त्यामुळे त्याबद्दल तक्रार करण्याचा प्रश्नच नव्हता.

1950 च्या दशकात ट्रेलरमध्ये घरासारखा नळ हवा अशी अपेक्षा रूढ झाली आणि त्यासाठी सरळ मार्ग निवडला गेला : पाण्याची टाकीच दाबाखाली ठेवायची. पोलादी टाकीत पाणी भरून वरच्या मोकळ्या जागेत टायरच्या पंपाने किंवा लहान कॉम्प्रेसरने हवा भरली की ती हवा पाण्याला नळापर्यंत ढकलत राही. हवा भरताना होईल तेवढाच गोंगाट. नंतर नळ कितीही वेळा उघडा, काहीही फिरत नसल्यामुळे आवाज नाही. अडचण वजनाची होती. दाब सोसणारी टाकी जाड पत्र्याची आणि गोलाकार असावी लागते, ती पलंगाखालच्या चौकोनी जागेत नीट बसत नाही, आणि आतली काही जागा हवेसाठी सोडावी लागत असल्याने तेवढे पाणी कमी मावते.

1960 आणि 1970 च्या दशकांत प्लास्टिकच्या टाक्या आल्या आणि हे गणित उलटले. पॉलिथिलीनची टाकी हलकी, गंज न लागणारी आणि हव्या त्या आकारात बनणारी होती, पण दाब सहन करणारी नव्हती. म्हणून दाब टाकीच्या बाहेर, नळ उघडल्यावर आणि तेवढ्यापुरताच तयार करणे भाग पडले. मोटारगाड्यांची विद्युतव्यवस्था 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत मोठ्या प्रमाणावर 12 व्होल्टवर गेली होती, त्यामुळे अशा पंपासाठी लागणारी वीज वाहनात उपलब्ध होतीच. शुर्फ्लो ही पुढे या क्षेत्रात घरोघरी पोहोचलेली कंपनी 1968 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली, ती नेमकी याच वळणावर.

या पंपांत मोटरला जोडलेली तिरकी चकती फिरते आणि रबरी पडद्याचे तीन-चार भाग आळीपाळीने दाबते. मोटरच्या प्रत्येक फेऱ्यात तेवढेच धक्के पाण्यात जातात. असा पडद्याचा, म्हणजे डायफ्रॅम पंप कोरडा चालला तरी लगेच बिघडत नाही आणि टाकीच्या वरच्या पातळीवर बसवला तरी पाणी स्वतः ओढून घेतो, म्हणून तो टिकला; धक्के हे त्याच्या रचनेतच आहेत. पंप ज्यावर बसवला जातो ते प्लायवूड मात्र पातळ असते, त्याखाली पोकळी असते, आणि ते तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखे पंपाची थरथर मोठी करून खोलीत सोडते. हाच पंप हातात धरून चालवला तर त्याचा आवाज आश्चर्य वाटावे इतका कमी असतो.

दुसरा त्रास प्रेशर स्विचचा, म्हणजे पाण्याचा दाब ठरावीक पातळीला पोहोचला की पंप बंद आणि दाब घटला की चालू करणाऱ्या स्विचचा. मिनिटाला सुमारे 11 लिटर देणारा, 55 पीएसआय (दाबाचे एकक) इतक्या दाबाला बंद होणारा पंप घ्या. दात घासताना नळ बारीक सोडला आणि मिनिटाला 1 लिटरच पाणी वाहू लागले, तर पंप क्षणात दाब वाढवतो, स्विच पंपाची वीज तोडतो, थोडे पाणी जाताच दाब पडतो आणि पंप पुन्हा सुरू होतो. पाणी दबत नाही आणि पाइप फारसे फुगत नाहीत, त्यामुळे ही उघडझाप सेकंदात कितीतरी वेळा होते. पुढे पेक्स या प्लास्टिकचे पाइप रूढ झाले. ते टिकाऊ असले तरी ताठ असल्याने पंपाची थरथर भिंतींपर्यंत नेण्यात पटाईत आहेत.

यावरचा पहिला उपाय म्हणजे जुनी हवा परत आणणे. लंडनच्या रिचर्ड न्यूशॅमने 1721 मध्ये पेटंट घेतलेल्या अग्निशमन पंपातही हवेची टाकी होती, दट्ट्याचे धक्के पचवून पाण्याची धार सलग राहावी म्हणून. कॅम्परमधला ॲक्युम्युलेटर तेच काम लहान प्रमाणात करतो; फरक इतकाच की हवा आणि पाणी यांच्यामध्ये रबरी पिशवी असते. सुमारे 0.7 लिटरच्या टाकीत आधी 30 पीएसआय हवा भरली आणि पंप 40 ते 55 पीएसआयदरम्यान चालू-बंद होत असला, तर हिशेबाने सुमारे 120 मिलिलिटर पाणी पंपाशिवाय मिळते. बारीक धारेला ते जवळजवळ सात सेकंद पुरते.

दुसरा उपाय थरथर अडवण्याचा, आणि तो मोटारींकडून आलेला आहे. क्रायस्लरने 1931 मध्ये प्लिमथ गाडीत इंजिन रबराच्या आधारांवर तोलून बसवले, तेव्हा इंजिनाची थरथर सांगाड्यापासून तोडता येते हे सर्वसामान्य ग्राहकाच्या अनुभवास आले. पंपाखालचे रबरी पाय त्याच तत्त्वावर चालतात, पण इथे एक नियम आडवा येतो : धक्क्यांची वारंवारता रबर व वस्तूच्या स्वाभाविक वारंवारतेच्या (एकदा हलवल्यावर ती आपोआप ज्या वेगाने हलत राहतात त्याच्या) सुमारे 1.4 पट ओलांडल्यावरच थरथर कमी पोहोचू लागते. पंप हलका आणि रबर कडक असले की स्वाभाविक वारंवारता वर जाते आणि उपयोग घटतो. म्हणून पंप जड फळीवर बसवून ती फळी मऊ फोमवर ठेवणे हा उपाय वाटतो त्यापेक्षा शास्त्रशुद्ध आहे. बऱ्याच कॅम्परमध्ये पायांचे स्क्रू इतके आवळलेले असतात की रबर चेपून दगड होते. ते थोडे सैल करणे ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती. ताठ पाइप आणि पंप यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना लवचिक होज घालणे ही त्याचीच पुढची पायरी.

युरोपातील अनेक कारव्हॅनमध्ये वेगळी वाट निवडली गेली. तिथे छोटा पंप टाकीतल्या पाण्यातच बुडवलेला असतो आणि नळातील मायक्रोस्विच त्याला चालू करतो. भोवतालचे पाणी आवाज दाबते, पण दाब कमी मिळतो. अमेरिकी उत्पादकांनी दाब सोडायचे नाकारले आणि पंपातच बदल केले. काहींमध्ये अंतर्गत बायपास असतो, म्हणजे धार बारीक झाली की जादा पाणी पंपाच्या आतच फिरते आणि मोटर बंद-चालू न होता चालत राहते. नंतर मागणीनुसार मोटरचा वेग बदलणारे पंप आले. अशा काही पंपांबरोबर मात्र ॲक्युम्युलेटर लावू नये असे उत्पादकच सांगतात, कारण साठलेला दाब पाहून सेन्सरचा अंदाज चुकतो.