न दिसणारी ३९ पाने

गणपतीच्या दिवसांत खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरी रात्रीच्या आरतीनंतर मेंढीकोटाचा, म्हणजे दोन जोड्यांनी जास्त दश्श्या जिंकण्यासाठी खेळायच्या पत्त्यांचा, डाव बसतो. यंदा गडी जमले नाहीत, तेव्हा भाच्याने तोच खेळ मोबाइलवर लावून दिला आणि उरलेले तिन्ही गडी संगणकाचे झाले. काकांनी चष्मा सावरत विचारले, "ह्यो आमची पानं बघून खेळत नसंल कशावरनं?" शंका रास्त आहे. पत्ते संगणकच वाटत असल्याने सगळी पाने त्या यंत्रात असतातच. खेळणाऱ्या भागाला ती दिसू न देणे ही प्रोग्राम लिहिणाऱ्याची सचोटी.

बुद्धिबळाचा पट दोघांनाही पूर्ण दिसतो, म्हणूनच १९९७ साली डीप ब्लू हा संगणक पुढच्या चालींचा अफाट वेगाने हिशेब करून जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवू शकला. पत्त्यांत मात्र आपल्या हातातली १३ पाने सोडली, तर उरलेली ३९ पाने तिघांत वाटली जाण्याचे प्रकार ८४ वर १५ शून्ये मांडावीत इतके होतात. ते सगळे तपासणे अशक्य असल्याने एक प्रचलित युक्ती अशी, की संगणक ही ३९ पाने मनातल्या मनात हजारभर वेळा पिसून वाटतो, प्रत्येक वाटपात डाव शेवटपर्यंत खेळून बघतो आणि ज्या पानाने सर्वाधिक वेळा फायदा झाला ते टाकतो. एखाद्याने उतारीचा, म्हणजे हातातल्या पहिल्या पानाचा, रंग सोडून दुसरे पान टाकले, की त्याच्याकडे तो रंग असलेली सगळी काल्पनिक वाटपे बाद होतात. मुरलेला गडीही हेच करतो, फक्त हजार वेळा नव्हे.

या युक्तीत एक खोट आहे. काल्पनिक वाटपात चौघांचीही पाने उघडी असल्याने, पुढे आपल्याला सगळे कळलेलेच असेल असे संगणक धरून चालतो. त्यामुळे बदामचा राजा कुणाकडे आहे हे चाचपण्यासाठी हलके पान टाकावे, किंवा समोरच्याला चकवावे, हे त्याला सुचत नाही. काकांनी ही खोट दुसऱ्याच रात्री हेरली.

चकवण्याचे गणित पोकरने सोडवले. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रणालीने २०१७ साली २० दिवसांत १,२०,००० डाव खेळून चार व्यावसायिक खेळाडूंना मागे टाकले. तिच्या मुळाशी चक्क हळहळ आहे: स्वतःशीच असंख्य डाव खेळायचे, "तिथे दुसरी चाल केली असती तर किती मिळाले असते" हा आकडा साठवायचा, आणि ज्या चालीची हळहळ मोठी ती पुढे अधिक वेळा खेळायची. हलक्या पानांवर मोठी बोली लावण्याची थाप तिला कुणी शिकवली नाही. ती या हिशेबातूनच निघाली. मेंढीकोटात समोर भिडू असतो आणि त्याच्या पानातला इशारा ओळखावा लागतो, म्हणून तिथे हा हिशेब आणखी किचकट होतो.

शेवटचे चार हात, म्हणजे प्रत्येकाने एकेक पान टाकायच्या चार फेऱ्या, उरले, की मात्र चित्र पालटते. न दिसणारी १२ पाने तिघांत वाटण्याचे प्रकार फार तर ३४,६५० उरतात आणि ते सगळेच्या सगळे तपासणे मोबाइललाही जड जात नाही. त्यामुळे काका आता आपल्या दश्श्या पहिल्या नऊ हातांतच घरात आणतात.