कॅमेऱ्याचं ब्लूटूथ आणि कॅमेऱ्याचं वायफाय: फोटो नेमका येतो कशावरून?

फोनवर 'पेअर्ड' दिसलं की लोकांना वाटतं झालं काम, आता फोटो आपोआप येणार, आणि मग आले नाहीत किंवा आले ते मोठे करून बघितल्यावर फुटायला लागले की कॅमेरा बेकार, ॲप भंगार, असं सगळीकडे सुरू होतं. ब्लूटूथ तुम्ही रोज इयरफोनला वापरता, त्यामुळे रेंज-बॅटरीवर वेळ घालवत नाही. ब्लूटूथ बॅटरी कमी खातं, वायफाय जास्त, विषय संपला.

खरी गोची पुढे आहे. कॅमेऱ्यातलं ब्लूटूथ बारीक कामांसाठी असतं: फोनचं लोकेशन आणि वेळ कॅमेऱ्याला द्यायची, फोनवरून शटर मारायचं, आणि बऱ्याच मॉडेल्समध्ये वायफाय चालू करायचं. ब्लूटूथ म्हणजे दारावरची बेल, सामान आत येतं ते वायफायच्या दारातून. हिशोब करून बघा ना, २४ मेगापिक्सलचा चांगल्या क्वालिटीचा जेपीईजी सहज १० एमबीच्या आसपास जातो, आणि ब्लूटूथ लो एनर्जीचा (कॅमेऱ्यातलं कमी बॅटरी खाणारं ब्लूटूथ) मूळ वेग कागदावरच सेकंदाला १ मेगाबिट, आणि ८ मेगाबिट मिळून १ एमबी होतो, म्हणजे एका फोटोला कागदावरच सव्वा मिनिट, प्रत्यक्षात त्याहून जास्त. वायफायवर तोच फोटो काही सेकंदात येतो.

म्हणूनच निकॉनने २०१६ मध्ये फोटो फोनवर आणणारं स्नॅपब्रिज ॲप आणलं तेव्हा ब्लूटूथवरून आपोआप जाणारा फोटो साधारण २ मेगापिक्सलचा ठेवला. स्टेटसला टाकायला तो छान आहे, ४ बाय ६ ची प्रिंटही निघेल. पण लग्नाच्या अल्बमचं १२ बाय १८ चं पान ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) छापायचं तर ५४०० बाय ३६०० पिक्सल लागतात, म्हणजे १९ मेगापिक्सलच्या वर. तिथे हा छोटा फोटो पाठवून लॅबवाल्याशी भांडण्यात काहीच अर्थ नाही. ओरिजिनल कार्डावर सुखरूप असतो, फोनवर आलेली ती फक्त छोटी कॉपी. आणि निकॉनच्या डी३४००, डी३५०० वाल्यांनी मेन्यूत वायफाय शोधत बसू नका, त्या दोन्हीत ते नाहीच, फक्त ब्लूटूथ आहे.

आता वायफायचं. इथे बहुतेक वेळा कॅमेरा स्वतःच नेटवर्क तयार करतो (सोनीचं नाव 'डायरेक्ट' ने सुरू होतं) आणि फोन त्याला जोडला जातो. तिथे घरच्या राउटरचा पासवर्ड टाकून काही होणार नाही. या नेटवर्कला इंटरनेट नसतं, त्यामुळे अँड्रॉइड विचारतो की इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवू का, आणि लोक घाईत नाही म्हणतात, किंवा फोन गपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो आणि ट्रान्सफर मध्येच लटकतं. तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंद करा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. आयफोनवर आयओएस १४ पासून ॲपला 'लोकल नेटवर्क' ची परमिशनही लागते, ती नाकारली असेल तर ॲपला कॅमेरा दिसतच नाही.

आणि वायफाय आहे म्हणजे फोटो पूर्ण साइजचाच येतो असंही धरू नका! फुजीच्या मेन्यूत स्मार्टफोनसाठी फोटो ३एम (३ मेगापिक्सल) करण्याचं सेटिंग असतं, सोनीच्या इमेजिंग एज मोबाइल ॲपमध्ये ओरिजिनल की २एम ते निवडावं लागायचं. ट्रान्सफरच्या आधी ते एकदा उघडून बघा. त्यानंतर तो ओरिजिनल साधा फोटो म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवू नका प्लीज, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

माझं मत पक्कं आहे: फिरायला गेल्यावर चार-पाच फोटो लगेच घरी पाठवायचे असतील तर वायफाय आणि ओरिजिनल साइज, लोकेशनसाठी ब्लूटूथ कायम चालू, पण ऑटो ट्रान्सफर बंद. अख्खं लग्न फोनवर घ्यायचं असेल तर टाइप-सी चा कार्ड रीडर घ्या आणि मोकळे व्हा.