वाघनखीच्या फळाने विंचू उतरतो?
'वाघनखीचं फळ उगाळून लावा, विंचू उतरतो,' असा निरोप फिरतो. सोलापूरच्या माळावर हिवाळ्यात ही काळी, दोन आकड्यांची फळं सापडतात, आणि नांगीसारखं रूप पाहून तसं वाटणं साहजिक आहे.

पण आकडे बी पसरवण्यासाठी असतात. फळ पायमोज्यावर घासून बघा, लगेच अडकतं; शेळीच्या पायालाही तसंच. शिवाय वाघनखी मूळची मेक्सिकोकडची, म्हणजे तिचे आकडे इथल्या विंचवासाठी बनलेले नाहीत.

मग गुण का येतो? बहुतेक दंशांची वेदना काही तासांत आपोआप ओसरते, श्रेय फळाला जातं. लाल विंचवाचं विष मात्र हृदयावर जातं. उलटी, दरदरून घाम, गार हातपाय दिसले, विशेषतः लहान मुलांत, तर उगाळत बसू नका. थेट दवाखाना गाठा. तिथे प्राझोसिन हे औषध असतं.