अदलाबदलीचा हिशेब कोणत्या तारखेला मांडायचा?

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या फसलेल्या ट्रेडची, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची, चर्चा निघाली की 1956 सालच्या एका सौद्याचं नाव हटकून येतं. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू क्रमानं निवडतात तिथे, दुसऱ्या क्रमांकाची निवड सेंट लुईस हॉक्सकडे होती. ती त्यांनी बॉस्टन सेल्टिक्सला दिली आणि बदल्यात एड मॅकॉली आणि क्लिफ हेगन या दोघांना घेतलं. सेल्टिक्सनी त्या निवडीवर बिल रसेलला आणलं. रसेल 13 मोसम खेळला आणि त्यांत सेल्टिक्सनी 11 विजेतेपदं जिंकली. एवढं सांगून झालं की हॉक्सचे मालक बेन कर्नर मूर्ख ठरतात आणि विषय मिटतो.

पण हाच हिशेब कुणी 1958 च्या उन्हाळ्यात मांडला असता तर? 1957 ची अंतिम मालिका हॉक्सनी सातव्या सामन्यात, दुसऱ्या जादा डावापर्यंत खेचून मग गमावली होती. 1958 मध्ये त्यांनी त्याच सेल्टिक्सना हरवून विजेतेपद घेतलं. सहाव्या सामन्यात बॉब पेटिटनं 50 गुण केले, आणि त्या संघात मॅकॉली आणि हेगन दोघेही होते. 1957 ते 1961 या पाच वर्षांत हॉक्स चार वेळा अंतिम फेरीत पोहोचले. मॅकॉली आणि हेगन पुढे दोघेही हॉल ऑफ फेममध्ये गेले. 1958 च्या मालिकेत रसेलचा घोटा दुखावला होता हे खरं, पण त्या उन्हाळ्यात सेंट लुईसमध्ये या ट्रेडला कुणी नावं ठेवत असेल असं वाटत नाही.

सौदा झाला त्या दिवशी कुणाला काय माहीत होतं, हेही पाहायला हवं. मॅकॉली मूळचा सेंट लुईसचा. त्याचा लहान मुलगा गंभीर आजारी होता आणि त्याला घरी परतायचं होतं. हेगन सैन्यातली सेवा संपवून येणार होता. रसेलनं सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाला सलग दोनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं, पण तो फारसा शूटर नव्हता. मेलबर्न ऑलिंपिकमुळे तो मोसम सुरू झाल्यावरच संघात येणार होता. त्याची खरी ताकद बचावात होती, आणि ती मोजायची सोयच त्या काळी नव्हती: एनबीएनं ब्लॉक (अडवलेले फटके) आणि स्टील (हिसकावलेले चेंडू) यांची अधिकृत नोंद सुरू केली ती थेट 1973-74 च्या मोसमात. पहिली निवड असलेल्या रोचेस्टर रॉयल्सनीही रसेलला सोडून सिहुगो ग्रीनला घेतलं होतं. सेल्टिक्सचे प्रशिक्षक रेड ऑरबॅक यांना जे दिसलं ते बाकीच्यांना दिसलं नाही, हे त्यांचं मोठेपण. त्यावरून बाकीचे आंधळे होते असं सिद्ध होत नाही.

अशा पश्चातबुद्धीचा पद्धतशीर अभ्यास मानसशास्त्रात 1975 साली बारूख फिशहॉफ यांनी केला. त्यांच्या एका प्रयोगात लोकांना ब्रिटिश आणि गुरखे यांच्यातल्या 1814 च्या युद्धाचं वर्णन वाचायला दिलं होतं. काहींना शेवट सांगितलाच नाही. उरलेल्यांना वेगवेगळे शेवट ‘असंच घडलं’ म्हणून सांगितले आणि मग विचारलं, शेवट माहीत नसता तर प्रत्येक शक्यता तुम्हाला किती वाटली असती? ज्याला जो शेवट सांगितला होता, त्याला तोच आधीपासून जास्त संभवनीय वाटला. शिवाय वर्णनातले त्या शेवटाला पूरक ठरणारे तपशीलही त्याला जास्त महत्त्वाचे वाटले. रसेलच्या ट्रेडबद्दल बोलताना आपण नेमकं हेच करतो. 11 विजेतेपदं माहीत असल्यामुळे त्याचं कॉलेजमधलं यश ठळक दिसतं आणि शूटिंगबद्दलची शंका विरून जाते.

ट्रेडचं मूल्यमापन आकड्यांनी करायची सवय त्यामानानं नवी आहे. आधी गुण, रिबाउंड, असिस्ट आणि शेवटी विजेतेपदं, एवढ्यावरच भागायचं. मग बेसबॉलमध्ये बिल जेम्स यांनी मांडलेली ‘विन शेअर्स’ ही कल्पना जस्टिन कुबाटको यांनी बास्केटबॉलमध्ये आणली आणि एका खेळाडूनं संघाला किती विजय मिळवून दिले याचा अंदाज बांधता येऊ लागला. दोन्ही बाजूंच्या खेळाडूंची बेरीज करायची आणि ज्याची जास्त तो जिंकला, ही पद्धत त्यातूनच रूढ झाली. सोय आहे, पण तिच्यात एक मोठी खोट आहे. खेळाडू कुठेही गेला असता तरी तसाच घडला असता, हे ती गृहीत धरते. सॅन अँटोनियो स्पर्सनी 2011 मध्ये जॉर्ज हिलला इंडियानाकडे पाठवून 15 व्या निवडीचा कवाय लेनर्ड घेतला. लेनर्डचा जम्प शॉट सॅन अँटोनियोत शूटिंग प्रशिक्षक चिप एंगलंड यांच्या हाताखाली नव्यानं घडला, आणि 2014 मध्ये तो अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. इंडियानानं ‘तो’ लेनर्ड दिलाच नव्हता.

कोबी ब्रायंटचंही असंच. 1996 मध्ये शार्लट हॉर्नेट्सनी 13 व्या क्रमांकावर कोबी घेतला आणि व्लादे दिवाचच्या बदल्यात लेकर्सला दिला. हे सतत चुकीच्या चालीनं सांगितलं जातं. सौदा निवडीआधीच ठरला होता. शार्लटनं निवड केली ती लेकर्ससाठी. त्यांना सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, हवा होता, तो मिळाला आणि पुढच्या मोसमात त्यांनी 54 सामने जिंकले. 17 वर्षांच्या, शाळेतून थेट आलेल्या मुलावर बारा नव्हे, तेरा संघांनी डाव लावला नव्हता, कारण शार्लटनंही तो स्वतःसाठी लावला नव्हता. लेकर्सनी मात्र एकाच चालीत कोबी मिळवला आणि संघाच्या पगारमर्यादेत दिवाचच्या पगाराची जागा मोकळी करून शकील ओनीलला करारबद्ध केलं.

मग चुकीचा ट्रेड असा काही नसतोच का? नक्की असतो, आणि तो त्याच दिवशी ओळखता येतो. यासाठी क्लीव्हलंडकडे जावं लागतं. 1980 ते 1983 या काळात कॅव्हलियर्सचे मालक असलेल्या टेड स्टेपियन यांनी पहिल्या फेरीतल्या निवडी इतक्या सैल हातानं वाटल्या की लीगला त्यांच्या ट्रेडवर लक्ष ठेवावं लागलं. नव्या मालकांना संघ उभा करता यावा म्हणून लीगनं पुढे त्यांना जादा निवडी विकत घेऊ दिल्या. तेव्हापासूनचा नियम त्यांच्याच नावानं ओळखला जातो: लागोपाठच्या दोन भावी वर्षांत संघ पहिल्या फेरीच्या निवडीविना राहील असा ट्रेड करता येत नाही. म्हणजे संघाला स्वतःच्या उतावीळपणापासून वाचवायला हवं, हे लीगनं निकाल पाहून नव्हे, व्यवहाराचं स्वरूप पाहून ठरवलं.

हा नियम ध्यानात ठेवून 2013 चा ब्रुकलिन नेट्स आणि बॉस्टन यांच्यातला ट्रेड वाचावा. नेट्सनी केव्हिन गार्नेट, पॉल पिअर्स आणि जेसन टेरी घेतले. गार्नेट 37 वर्षांचा होता, पिअर्स 35 चा. बदल्यात 2014, 2016 आणि 2018 च्या पहिल्या फेरीतल्या निवडी गेल्या. वर्षं एकाआड एक आहेत ती स्टेपियन नियमामुळे. मधल्या 2017 साठी अदलाबदलीचा हक्क, म्हणजे बॉस्टनला आपली निवड नेट्सच्या निवडीशी बदलून घेण्याचा हक्क, दिला गेला, कारण निवड बदलली तरी संघ निवडीविना राहत नाही. नियमाचा शब्द पाळला गेला आणि हेतू बुडाला. शिवाय या निवडींना कसलंही संरक्षण नव्हतं. संघ तळाला गेला तरी निवड द्यायचीच होती.

नेट्सनी त्या मोसमात 44 सामने जिंकले, प्लेऑफची (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांतली) एक फेरी पार केली आणि मालक मिखाइल प्रोखोरोव्ह यांनी खेळाडूंच्या अवाढव्य पगारांपायी लीगला सुमारे 9 कोटी डॉलर लक्झरी टॅक्स भरला. पिअर्स वर्षभरात निघून गेला. 2016 च्या निवडीवर बॉस्टननं जेलन ब्राउन घेतला. 2017 ची निवड पहिल्या क्रमांकाची निघाली. ती फिलाडेल्फियाला देऊन त्यांनी तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटम आणला. 2024 मध्ये याच दोघांच्या जोरावर बॉस्टन विजेते झाले. लोक ब्राउन आणि टेटम यांची नावं घेऊन नेट्सला दोष देतात. मला ते चुकीचं वाटतं. त्या निवडींवर अगदी सामान्य खेळाडू आले असते तरी हा ट्रेड वाईटच होता. (2014 च्या निवडीवर आलेला जेम्स यंग फार टिकला नाही, आणि त्यामुळे तेवढा भाग शहाणपणाचा ठरत नाही.) खेळाडूंची वयं तेव्हाही कागदावर होती. पाच वर्षांनी संघ कसा असेल हे ठाऊक नसताना पाच वर्षांनंतरची निवड बिनसंरक्षण देणं, ही चूक करारातच होती.

उलट उदाहरण टोरंटोचं. 2018 मध्ये त्यांनी लोकांचा लाडका डेमार डीरोझन देऊन लेनर्ड आणला. लेनर्ड आदल्या मोसमात दुखापतीमुळे फक्त 9 सामने खेळला होता आणि त्याच्या करारात एकच वर्ष हमखास उरलं होतं. 2019 मध्ये फिलाडेल्फियाविरुद्धच्या सातव्या सामन्यात त्याचा शेवटचा फटका रिंगवर चार वेळा उडून आत पडला, टोरंटो 92-90 असे जिंकले, पुढे विजेते झाले आणि लेनर्ड उन्हाळ्यात निघून गेला. चेंडू बाहेर पडला असता तर टोरंटोचे तेव्हाचे संघप्रमुख मसाई उजिरी यांना काय काय ऐकावं लागलं असतं! पण हाती असलेला संघ वर्षानुवर्षं एका टप्प्यावर अडत होता, आणि त्याच्या पुढे जायची संधी त्यांनी विकत घेतली. तो निर्णय चेंडू हवेत असतानाही बरोबरच होता.

हिशेब कुठे थांबवायचा, हा प्रश्न सर्वांत अवघड होतो तो पॉल जॉर्जच्या बाबतीत. 2017 मध्ये इंडियानानं त्याला ओक्लाहोमा सिटीला दिलं आणि व्हिक्टर ओलाडिपो आणि डोमांटास सबोनिस घेतले. इंडियाना फसले, असाच तेव्हा बहुतेकांचा सूर होता. ओलाडिपो पुढच्याच मोसमात ऑल-स्टार झाला. 2022 मध्ये सबोनिसला सॅक्रामेंटोकडे पाठवून इंडियानानं टायरीस हॅलिबर्टन मिळवला. इकडे 2019 मध्ये ओक्लाहोमा सिटीनं जॉर्जला क्लिपर्सकडे पाठवून शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीच्या पाच निवडी आणि दोन अदलाबदलीचे हक्क घेतले. त्यांतल्या 2022 च्या निवडीवर जेलन विल्यम्स आला. 2025 ची अंतिम मालिका ओक्लाहोमा सिटी विरुद्ध इंडियाना अशी झाली आणि सातव्या सामन्यात ओक्लाहोमा सिटी जिंकले. एकाच खेळाडूला देऊन दोन्ही संघ उभे राहिले होते, आणि तो खेळाडू त्या मालिकेत कुठेच नव्हता.

तरीही क्लिपर्सला मी झिडकारणार नाही. जॉर्ज आला म्हणूनच टोरंटो सोडणारा लेनर्ड त्यांच्याकडे आला. 2021 मध्ये फ्रँचायझीच्या इतिहासात ते पहिल्यांदा कॉन्फरन्सच्या (लीगच्या दोन भागांपैकी एकाच्या) अंतिम फेरीत गेले, आणि तेही लेनर्डचा गुडघा दुखावला असताना. पहिल्या मोसमात सरासरी 10.8 गुण करणारा गिल्जस-अलेक्झांडर पुढे लीगचा सर्वोत्तम खेळाडू होईल, हे त्या दिवशी ओक्लाहोमा सिटीलाही खात्रीनं सांगता आलं नसतं. निवडींचा ढीग मात्र तेव्हाही मोठा होता, आणि तिथे क्लिपर्सनी हात आखडता घ्यायला हवा होता.

गॅसोल बंधूंचा ट्रेड मी लोकांना आवर्जून पाहायला सांगतो. 2008 मध्ये मेम्फिसनं पाऊ गॅसोल लेकर्सला दिला तेव्हा स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांच्यासह अनेकांनी उघड नाराजी दाखवली. लेकर्स 2009 आणि 2010 मध्ये विजेते झाले, म्हणजे टीका खरी ठरली. पण बदल्यात मेम्फिसला पाऊचा धाकटा भाऊ मार्क याचे हक्क मिळाले होते. 2007 च्या ड्राफ्टमध्ये 48 वा आलेला मार्क 2013 मध्ये लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि त्याच वर्षी मेम्फिस कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत पोहोचले.

फेब्रुवारी 2025 मध्ये डॅलसनं लुका डॉन्चिच लेकर्सला दिला आणि अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि 2029 ची पहिल्या फेरीतली एक निवड घेतली. आदल्याच वर्षी अंतिम फेरीत नेणारा, अजून 26 वर्षांचाही न झालेला खेळाडू डॅलसनं इतर संघांची बोली न मागवता दिला. या ट्रेडवर निकाल द्यायला थांबायची गरज नाही, कारण बाजारात न विचारता विकणं ही त्याच दिवसाची चूक होती. पुढे ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत 1.8 टक्के शक्यता असताना डॅलसला पहिली निवड लागली आणि कूपर फ्लॅग मिळाला. ती नशिबाची जमा आहे. ट्रेडच्या खात्यात तिला जागा नाही. 2029 ची निवड मात्र त्या खात्यात येते, आणि ती कोणत्या क्रमांकाची निघते ते तेव्हाच कळेल.