सर्दी छातीत उतरली, की दमा बळावला?

दमा असलेल्या प्रौढ माणसाला सर्दी झाली, की चौथ्या-पाचव्या दिवशी ‘सर्दी छातीत उतरली’ हे वाक्य घरात हमखास ऐकू येते. ते अर्धे खरे असते आणि म्हणूनच फसवे असते. श्वसनमार्गाचा विषाणुसंसर्ग आणि दम्याचा उद्रेक ही दोन वेगळी दुखणी आहेत. मात्र पहिले दुसऱ्याला जागे करते. प्रौढांचा दमा बळावण्यामागे सर्वांत जास्त वेळा विषाणूच असतो, आणि त्यातही साध्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस. त्यामुळे नेमके पाहायचे ते हे, की सर्दी कुठे संपली आणि दमा कुठे सुरू झाला.

सर्दीची वाट ठरलेली असते. घसा खवखवतो, शिंका येतात, नाक वाहते, अंग मोडून येते, कधी ताप चढतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास कळसाला पोचतो आणि आठवड्या-दहा दिवसांत ओसरतो. खोकला तेवढा दोन-तीन आठवडे रेंगाळतो. दम्यात श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आतले अस्तर सुजते आणि चिकट कफ उरलीसुरली वाट बुजवतो. हवा आत शिरते, पण बाहेर पडताना अडते. म्हणून उच्छ्वास लांबतो आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. ताप हे दम्याचे लक्षण नव्हे. तो असेल तर संसर्गाचा असतो.

रात्रीच्या खोकल्याकडे नीट लक्ष द्यावे. सर्दीचा खोकला बहुधा आडवे पडताच सुरू होतो, कारण नाकातला स्राव घशात उतरतो. उशी उंच केली की तो थोडा निवळतो. दम्याचा खोकला पहाटे तीन-चारच्या सुमारास गाढ झोपेतून उठवतो, आणि माणूस अंथरुणात उठून, पुढे वाकून बसतो. साल्ब्युटामॉलचा, म्हणजे आवळलेल्या श्वासनलिका झटपट सैल करणाऱ्या औषधाचा पंप घेतल्यावर दहा-पंधरा मिनिटांत छाती मोकळी झाली, तर नळ्या आवळल्या होत्या असे समजावे. तीन-चार तासांत पुन्हा पंप लागला, तर त्याला सर्दी म्हणत बसू नये.

पीक फ्लो मीटर, म्हणजे जोरात फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते ते मोजणारे छोटे उपकरण, घरी असेल तर अंदाजावर विसंबावे लागत नाही. समजा, एखाद्याचा एरवीचा सर्वोत्तम आकडा मिनिटाला 450 लिटर आहे. नुसत्या सर्दीत तो त्याच्या आसपास राहतो. दमा बळावला की सकाळी 290, संध्याकाळी 380 अशी वर-खाली सुरू होते. सर्वोत्तम आकड्याच्या 80 टक्क्यांखाली घसरण म्हणजे सावधगिरीचा इशारा, आणि 50 टक्क्यांखाली गेल्यास तातडीने डॉक्टर गाठावा.

कफ पिवळा-हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक मागण्याची आपली सवय मात्र दोन्हीकडे चुकते. तो रंग पांढऱ्या पेशींमुळेही येतो आणि विषाणूवर त्या गोळ्यांचा काहीच परिणाम होत नाही. याहून घातक चूक म्हणजे ‘आधी सर्दी बरी होऊ दे’ किंवा ‘पंपाची सवय लागते’ असे म्हणत रोजचा स्टिरॉइडचा पंप नेमका त्याच दिवसांत बंद करणे. साल्ब्युटामॉल नळ्या उघडतो, सूज उतरवत नाही; ते काम स्टिरॉइडचे. म्हणूनच दम्याविषयीच्या ‘जीना’ या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी 2019 पासून प्रौढांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नये, असे सांगितले आहे. सर्दीला विश्रांती, पुरेसे पाणी आणि तापाची गोळी एवढे पुरते. बळावलेल्या दम्याला डॉक्टर पंपाचा डोस बदलतात किंवा काही दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या देतात.

एका दमात वाक्य पुरे करता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील किंवा पंप घेऊनही आराम पडत नसेल, तर वाफ, काढा यांत वेळ न घालवता रुग्णालयात जावे. अशा वेळी छातीतली घरघर अचानक थांबली आणि धाप मात्र तशीच राहिली, तर ती सुधारणा नसते. आवाज उमटण्याइतकीही हवा आता आत-बाहेर होत नसते.