जंतुनाशक चूळ आणि श्वसनाचे विषाणू : एका जुन्या गल्लतीची पार्श्वभूमी

नागपुरात रूट कॅनलसाठी किंवा दात स्वच्छ करून घेण्यासाठी गेलेल्या रुग्णाच्या हाती, करोनाच्या साथीनंतर, अनेक दवाखान्यांत आधी एक छोटा पेला दिला जातो. त्यात बोटभर तपकिरी द्रावण असते, त्याला आयोडीनचा उग्र वास येतो, आणि अर्धा मिनिट तोंडात खेळवून ते थुंकल्यावर बेसिनच्या पांढऱ्या भांड्यात पिवळसर ओघळ उरतो. ही चूळ रुग्णाच्या दातासाठी नसते. यंत्राच्या फवाऱ्याबरोबर लाळेतील विषाणू डॉक्टर आणि मदतनिसाच्या अंगावर कमीत कमी उडावेत, यासाठी असते. हा मर्यादित हेतू स्पष्ट व्हायला फार काळ लागला, कारण तोंडातले जंतू मारले म्हणजे आजारच रोखला, ही गल्लत वाटेत पुन्हापुन्हा होत राहिली.

चूळ भरणे आपल्याला नवे नाही. आयुर्वेदात हलवताही येणार नाही इतका द्रव तोंडात धरण्याला गंडूष, आणि खेळवता येईल इतकाच घेण्याला कवल म्हटले आहे. घसा धरला की मीठ-हळदीच्या कोमट पाण्याने गुळण्या करण्याची रीत विदर्भातल्या घराघरांत आहे. जंतुनाशकाची कल्पना मात्र ब्रिटिश शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाने जखमा निर्जंतुक करण्याची पद्धत मांडल्यावर रुजली. त्यांच्याच नावावरून १८७९ मध्ये अमेरिकेत ‘लिस्टरीन’ हे जंतुनाशक द्रावण तयार झाले. तेही मुळात शस्त्रक्रियेसाठी होते.

१९१८ च्या इन्फ्लूएंझाने मुंबईमार्गे देशात शिरकाव केला, आणि नागपूर ज्याची राजधानी होते तो मध्य प्रांत सर्वाधिक जीवितहानी झालेल्या प्रांतांपैकी एक ठरला. त्या वेळी अनेक देशांत मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांचा सल्ला दिला गेला. परंतु हा आजार एका जिवाणूमुळे होतो असाच तेव्हा बहुतेकांचा समज होता. माणसातील इन्फ्लूएंझाचा विषाणू वेगळा काढता आला तो १९३३ मध्ये.

पुढे लिस्टरीन सर्दी आणि घसादुखीवरचा उपाय म्हणून अनेक दशके विकले गेले. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९७५ मध्ये हा दावा खोटा ठरवला, आणि आपले उत्पादन सर्दी टाळत नाही हे कंपनीने जाहिरातींतूनच सांगावे असा आदेश दिला. १९७७ मध्ये न्यायालयाने तो मुख्यतः कायम ठेवला. मला या इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो तो जपानमधला. गुळण्या ही तिथली रोजची सवय. तिथे ३८७ निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साध्या पाण्याच्या गुळण्यांनी श्वसनमार्गाचे संसर्ग कमी झाले, पोविडोन आयोडीन या आयोडीनयुक्त जंतुनाशकाच्या गुळण्यांनी मात्र तसा लाभ दिसला नाही. तरीही ऑगस्ट २०२० मध्ये ओसाकाच्या राज्यपालांनी आयोडीनच्या गुळण्यांची शिफारस करताच दुकानांतल्या बाटल्या संपल्या.

यामागे शास्त्र नाही असे नाही. करोना आणि इन्फ्लूएंझाच्या विषाणूंभोवती मेदाचे आवरण असते. चुळीच्या द्रावणांत असणारी सेटिलपिरिडिनियम क्लोराइडसारखी रसायने ते आवरण फोडतात, आयोडीन विषाणूच्या प्रथिनांवरही घाव घालते, आणि परीक्षानळीत हे काम अर्ध्या-एक मिनिटात होते. नेहमीच्या सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसला मात्र असे आवरणच नसते. शिवाय तोंड म्हणजे परीक्षानळी नव्हे. विषाणू पेशींच्या आत वाढतो, नाकात आणि फुप्फुसांत असतो, लाळग्रंथींच्या पेशींतही करोनाचा संसर्ग आढळला आहे. त्यामुळे थुंकलेल्या लाळेची जागा थोड्याच वेळात नवी लाळ घेते, आणि तिच्याबरोबर विषाणूही परततो. रुग्णांवरील छोट्या चाचण्यांत लाळेतील विषाणूंचे प्रमाण काही काळ घटल्याचे दिसले, पण निष्कर्ष एकसारखे नाहीत. उपचारापूर्वीच्या चुळीचा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला कॉक्रेन आढावा, म्हणजे उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा अहवाल, सांगतो की, डॉक्टरांना प्रत्यक्ष संसर्ग झाला की नाही हे त्यातल्या एकाही अभ्यासाने मोजले नव्हते.

म्हणून दवाखान्यातली ती चूळ मास्क, लाळ ओढणारी नळी आणि खेळती हवा यांच्या जोडीला येते, त्यांच्या जागी नाही. घरी खोकणाऱ्या माणसाने दिवसातून चार वेळा तीच बाटली वापरून मास्क काढून ठेवला, तर शेजारी बसलेल्या आजीचे त्यातून रक्षण होत नाही. आणि थायरॉइडचा विकार असलेल्यांनी किंवा गर्भवतींनी आयोडीनच्या गुळण्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.